यादीत न्हाई, का यादीच न्हाई?

अप्पांना कुणी "नाही" म्हटलेलं सरळ पचत नसे. राग यायचा असं नव्हे. ते "नाही" हातात घ्यायचे, बाजारात वांगं निवडताना फिरवून बघतात तसं बघायचे आणि विचारायचे, "कुणाला इचारलास? काय म्हून इचारलास? कसलं न्हाई हाय हे?" एवढं झाल्यावर समोरचा माणूस मूळ प्रश्नच विसरून जायचा.

बिदरच्या मैलूर भागात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं हापीस होतं. बिदर, भालकी, हुमनाबाद या भागातल्या सायबर कॅफेंना, कॉलेजांना आणि लॉरीवाल्यांच्या बुकिंग हापिसांना इंटरनेट द्यायचं, त्यांची मेल सांभाळायची, हा आमचा धंदा. मोबाइलवर इंटरनेट तेव्हा आलेलं नव्हतं, म्हणून गावात आमचा जरा तोरा होता. मालक हैदराबादला राहायचे आणि इथलं सगळं अप्पांवर सोडून निवांत असायचे. अप्पा हे काही त्यांचं नाव नव्हे. पण आम्ही, खालचा कंपाउंडर, चहावाला, खुद्द मालक, सगळे त्यांना अप्पाच म्हणायचो. ज्यानं हक्कानं अप्पा म्हणायचं तो त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्याला गेला होता आणि बापलेकांचं बोलणं बंद होतं. हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मुडबीची. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं, वडलांपासून शेती, आणि डिप्लोमा करून शहरात नोकरीला निघालेली मी पहिली. अप्पांनी माझी मुलाखत घेतली तेव्हा मी नेटवर्किंगचं पुस्तक तोंडपाठ करून गेले होते. त्यातलं त्यांनी काहीएक विचारलं नाही.

"तुमचे आजोबा मेंढरं राखत होते म्हंतीस. सांजच्याला सगळी आली का न्हाई, कसं बघायचे? मोजून?"

"न्हाई. तोंडं बघून."

"कामून? मोजायला येत न्हवतं?"

"येत होतं की. पण मोजलं तर दुसऱ्याचं मेंढरू आपल्यात आलेलं कळत न्हाई. आकडा बरोबर येतो आन आपलं एक रानातच राहतं."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उद्यापासून ये," म्हणाले. आजोबांच्या जिवावर मला नोकरी लागली असं घरी सांगितलं तर कुणाला खरं वाटेना.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहावाला आहे का बघायला खाली पाठवलं. मला ते अक्का म्हणायचे. मी त्यांच्या लेकीच्या वयाची, तरी अक्का. "अक्का, चहावाला हाय का बघ जरा." मी जिन्यावरूनच डोकावले, चहावाला दिसला नाही, वर येऊन सांगितलं, "न्हाई."

"टपरी उघडी हाय आन त्यो न्हाई, का टपरीच न्हाई?"

ते मी बघितलंच नव्हतं. परत खाली गेले. सकाळीच नगरपालिकेनं रस्त्याच्या कामासाठी टपरी उचलून नेली होती. चहावाला पलीकडच्या कोपऱ्यावर, पिंपळाखाली, दोन दगडांवर स्टोव्ह मांडून मजेत बसला होता. मी चहा घेऊनच वर आले.

अप्पांनी चहा बशीत ओतला. "जगात उत्तरं तीन असतेत, अक्का. हाय, न्हाई, आन ठाव न्हाई. तिसरं सांगायची लाज वाटते, म्हून लोक दुसरंच सांगतेत. तू टपरीच बघितली न्हाईस. मग तुझं उत्तर कोणतं?"

"ठाव न्हाई."

"हां. मग तसं म्हनायचं. कुणी मारत न्हाई."

हे मला त्यांनी आधी चहावर शिकवलं आणि मग मशीनवर. फायरवॉल म्हणजे आमच्या मशीनवर बसवलेला दरवान. इंटरनेटवर प्रत्येक मशीनला आकड्यांचा पत्ता असतो, आणि कुठल्या पत्त्याला आत सोडायचं नाही याची यादी त्या दरवानाजवळ असते. अमका पत्ता यादीत आहे का, हे विचारायला आम्ही स्क्रिप्ट लिहायचो. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला ओळीनं द्यायचे हुकूम एका फाइलीत लिहून ठेवायचे, की एक शब्द टाइप केला की सगळे आपोआप चालतात. अप्पांचा दंडक असा, की हापिसातल्या प्रत्येक स्क्रिप्टला तिन्ही उत्तरं देता आली पाहिजेत, तीही आपल्या बोलीत. त्यामुळं आमच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत हाय, न्हाई, ठाव न्हाई असं उमटायचं. नवा माणूस हे बघून हसायचा. आठवड्याभरात त्याच्याही तोंडी तेच यायचं.

मशीनच्या खोलीत थंड ठेवावं लागतं म्हणून तिथं एसी होता, आणि अप्पांना थंडी जराही सोसायची नाही. मे महिन्यात सगळं बिदर उन्हानं तळत असताना अप्पा लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालून बसलेले असायचे. बाहेर येताना ते काढायचं भान नसायचं. एकदा तसेच बँकेत गेले तर दारावरच्या शिपायानं ताप आलाय समजून त्यांना बसायला खुर्ची दिली. गिऱ्हाइकांशी ते कन्नडमध्ये बोलत, आमच्याशी मराठीत, मशीनशी दखनीत. "चल मेरे राजा, उठ," असं मशीनला चुचकारायचे. तेलुगू फक्त करंट गेल्यावर ऐकू यायची, शिव्यांपुरती. त्यांची सासुरवाडी औरादकडची, आंध्राच्या शिवेवरची, तिथून तेवढीच उचलली होती.

कुणालाही यादीत टाकायच्या आधी त्याला विचारायचं, हाही त्यांचाच नियम. एखाद्या कॅफेतलं कॉम्प्युटर बिघडून भलताच कचरा पाठवायला लागलं, तर दुसरा कुणी सरळ त्याचं कनेक्शन तोडून मोकळा झाला असता. अप्पा मोपेड काढून जायचे. हुमनाबादच्या एका कॅफेत तर ते सकाळपासून बसून राहिले, सगळी कॉम्प्युटरं एकेक करून साफ केली, हायवेवरच्या ढाब्यावर जेवून आले आणि परत जाऊन बसले. मी म्हटलं, "अप्पा, इथून बंद केलं असतं तर एका मिनिटाचं काम."

"बंद करायला मिनिटच लागतंय. म्हूनच भ्या वाटतंय मला," म्हणाले.

मुलाचं सगळं मला सांगितलं ते अव्वांनी. अव्वा म्हणजे अप्पांच्या बायको. दुपारी डबा घेऊन यायच्या आणि अप्पांचं खाऊन होईपर्यंत माझ्याजवळ बसायच्या. मुलगा आमच्याच हापिसात बापाच्या हाताखाली काम शिकला होता. माझी खुर्ची त्याचीच. पुण्याला मोठ्या कंपनीत नोकरी लागली तसा तो निघाला. अप्पा म्हणाले, "इथं काय कमी हाय?" तो म्हणाला, "इथं तुमी हायसा आन तुमची मशीन हाय, माझं काय काम?" अप्पा म्हणाले, "न्हाई तर न्हाई." त्याला गाडीत बसवून द्यायलासुद्धा गेले नाहीत. दुसऱ्याच्या "नाही"ला उलटंपालटं करणाऱ्या माणसानं स्वतः असं म्हणावं, याचा मला तेव्हाही राग आला होता.

फोनवर दोघांचं दोन मिनिटांत भांडण जुंपायचं. शेवटी दसऱ्यानंतर अव्वांनीच निकाल दिला. "तुमी दोघं बोलूच नका. लिवा. लिवताना मानूस आवाज चढवत न्हाई." मुलानं कबूल केलं की मी अप्पांना हापिसच्या मेलवर लिहीन. अप्पा म्हणाले, "त्यो लिवला तर मी लिवीन." आणि मग मेल आलीच नाही.

अव्वा फोनवर पोराला विचारायच्या. तो म्हणायचा, मी लिहिलंय, अप्पालाच माझं काही नको आहे. अव्वा तसं येऊन सांगायच्या. अप्पांचं एकच, "लिवला असता तर आलं असतं. मी रोज बघतोय. खोटं बोलायलाय त्यो."

"माझं लेकरू खोटं बोलत न्हाई," अव्वा म्हणायच्या.

"मग मशीन खोटं बोलतंय का?"

दिवाळीला मुलगा आला नाही. अव्वांनी करंज्या हापिसात आणून आम्हाला वाटल्या आणि आम्ही खाली मान घालून खाल्ल्या. आता येळवस जवळ आली होती. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला आमच्याकडं सगळा गाव शेतात जेवायला जातो, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि ज्वारीची अंबील घेऊन, आणि परगावी गेलेली माणसं दिवाळीला एक वेळ येणार नाहीत पण येळवसला येतात. अव्वा मला म्हणाल्या, "येळवसलाबी आला न्हाई तर गेलाच म्हनायचा, बाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि अप्पा पलीकडं भिंतीकडं तोंड करून जेवत होते. त्यांना ऐकू गेलं असणार.

अप्पा रोज सकाळी हापिसात आले की कानटोपी घालून पहिलं एक काम करायचे. त्यांची एक जुनी स्क्रिप्ट होती, तिचं नाव "बघ". ते "बघ" टाइप करायचे आणि पुढं एक पत्ता. रोज तोच. पडद्यावर "न्हाई" यायचं, म्हणजे हा पत्ता बंद यादीत नाही, त्याला वाट मोकळी आहे. मग थोडा वेळ तसेच बसायचे आणि कामाला लागायचे. फायरवॉल जागेवर आहे ना याची ही खातरजमा असेल, असं मी धरून चालले होते. देवाला दिवा लावतात तसं.

येळवसच्या आधल्या आठवड्यात हुमनाबादच्या एका लॉरीवाल्याचा फोन आला. भला माणूस, पण त्या दिवशी भडकला होता. त्याच्या पुण्याच्या हापिसानं आठवड्यापूर्वी कनेक्शन बदललं, तेव्हापासून तिकडून मेलनं यायचे ते मालाचे कागद येत नव्हते. पुण्याचे म्हणत, पाठवलेत. लॉऱ्या हायवेवर उभ्या. मी अप्पांना विचारलं.

"पुण्याचा पत्ता घे. 'बघ' चालव," ते खोलीतून म्हणाले.

मी चालवलं. "न्हाई" आलं.

"मग आपल्याकडं बंद न्हाई. तिकडंच काही तरी हाय. सांग त्याला."

मी फोन उचलला आणि ठेवला. मला दसऱ्याची गोष्ट आठवली. त्या दिवसांत पुण्याच्या एका मोठ्या नेटवर्कवरून आमच्यावर कचरा मेलांचा नुसता पाऊस पडत होता. सगळं मशीन गुदमरलं. फोन करून विचारायचं तर कुणाला? म्हणून अप्पांनी जन्मात पहिल्यांदा न विचारता पत्त्यांची ती पूर्ण रांगच्या रांग बंद केली. पण त्यांना ते लागून राहिलं. "चोर एक, आन आपन सगळी गल्ली कोंडलो," असं दोन दिवस म्हणत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी जुनी यादी मोडली. तिचं नाव "बाहर" होतं. तिच्या दोन याद्या केल्या. ज्याचा गुन्हा दिसला तो "चोर" यादीत. नुसता चोराच्या गल्लीत राहतो म्हणून अडकला तो "शेजारी" यादीत, म्हणजे पुढं सवड मिळाली की एकेकाला सोडवता येईल. दरवान दोन्ही याद्यांतल्यांना अडवायचाच. पण निरपराध माणसाला आपण चोर म्हटलं नाही, याचं अप्पांना इतकं समाधान झालं की त्यांनी सगळ्यांना मिरची भजी खाऊ घातली. सवड मात्र मिळाली नाही.

मी मशीनच्या खोलीत गेले. "अप्पा, 'बघ' कुठल्या यादीत बघतंय?"

"यादीत बघतंय. कुठल्या म्हंजे?"

"यादीत न्हाई म्हनायलंय, का यादीच न्हाई?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचाच प्रश्न त्यांना विचारायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. "ती माझी स्क्रिप्ट हाय," ते म्हणाले. "तुझा जन्म झाला नसंल तवाची." हे काही खरं नव्हतं, पण राग आला होता त्यांना.

"म्हूनच इचारते. तिसरं उत्तर तुमी आमाला शिकवलाव. हिला शिकवलाव का?"

त्यांनी खुर्ची सरकवून जागा दिली. मी फाइल उघडली. त्या स्क्रिप्टीत यादीचं नाव होतं "बाहर". ती यादी तर दसऱ्यालाच मोडली होती. आणि मशीननं काही कुरकुर केलीच तर ती पडद्यावर न दाखवता कचऱ्यात टाकावी, अशी सोय ओळीच्या शेवटी केलेली. पूर्वी कधी तरी पडदा नीट दिसावा म्हणून अप्पांनीच केली असणार. म्हणजे मशीन रोज सकाळी ओरडून सांगत होतं की अशी यादीच नाही. ते ओरडणं कचऱ्यात जात होतं, आणि स्क्रिप्ट आपली "न्हाई" म्हणून मोकळी होत होती.

मी ती कचऱ्याची सोय काढली आणि परत चालवली. या नावाची यादी नाही, असं इंग्रजीत स्वच्छ आलं. अप्पांनी ते वाचलं. कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"शेजारीत बघ," म्हणाले.

नाव बदललं, चालवलं. लॉरीवाल्याचा पुण्याचा पत्ता: "हाय."

मग त्यांनी कीबोर्ड स्वतःकडं ओढला आणि दुसरा एक पत्ता टाइप केला. कुठं बघून नाही, पाठ. रोज सकाळचा तोच. बोट जरा वेळ तसंच वर राहिलं, मग त्यांनी बटण दाबलं.

"हाय."

"कुणाचा हाय हा, अप्पा?" मी विचारलं, पण विचारता विचारताच मला कळलं.

"त्याच्या कंपनीचा," ते म्हणाले.

म्हणजे पोरगा लिहीत होता. त्याची मेल आमच्या दारावर यायची, दरवान उघडायचा नाही, आणि चार-पाच दिवस थांबून ती त्याच्याकडं परत जायची, पलीकडं दार उघडत नाही अशी चिठ्ठी लावून. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता काही तरी बिघाड आहे. पण हा तर बापाच्या हाताखाली शिकलेला. कुणालाही विचारल्याशिवाय अप्पा यादीत टाकत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं सरळ अर्थ काढला की बापानं जाणूनबुजून आपल्याला टाकलंय. दुसऱ्या कुठल्याही मेलवरून त्याला लिहिता आलं असतं. पण तोही त्यांचाच मुलगा. आणि इकडं बाप रोज सकाळी बघत होता, वाट मोकळी आहे आणि पोरगा येत नाही.

अप्पांनी ती सगळी रांग यादीतून काढली. परत तपासलं, तिन्ही उत्तरं येतात की नाही ते माझ्याकडून बघून घेतलं, लॉरीवाल्याला स्वतः फोन करून माफी मागितली. कामात कुठं घाई नाही की चूक नाही. मग मेल उघडून बसले आणि तिथं मात्र हात चालेना.

"अक्का, खोटं बोलतोय म्हनालो की गं त्याला. सगळ्यांपुढं. आता काय लिवू?"

"तेच लिवा," मी म्हटलं.

त्यांनी एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी, एवढंच लिहिलं: तू लिवलेलं खरं हाय. तुला मी टाकलो न्हवतो, गल्ली टाकलो होतो. मी यादी बघितलोच न्हाई. आता वाट मोकळी हाय.

दुपार गेली. उत्तर नाही. मी दर थोड्या वेळानं दारातून बघायची. "आलं का, अप्पा?"

"ठाव न्हाई अजून."

दुसरा दिवस उजाडला. अव्वा डबा घेऊन आल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या मशीनच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "लिवला का त्यो?"

"ठाव न्हाई," अप्पा म्हणाले. आदल्या दिवसापर्यंत हा माणूस ठणकावून न्हाई म्हणत होता. ठाव न्हाई या शब्दांना कुणी एवढं घट्ट धरून बसलेलं मी पुन्हा कधी बघितलं नाही.

मेल आली ती अव्वा डब्याचं झाकण काढत असताना. एक नाही, एकामागून एक येतच राहिल्या. परत आलेली प्रत्येक मेल त्यानं जपून ठेवली होती आणि त्याच ओळीनं पुन्हा पाठवली होती. पहिल्या दोन-चारांत भांडणच होतं. मग पुण्याच्या खोलीचं, मेसच्या जेवणाचं. एकीत कंपनीतल्या फायरवॉलचं काही अडलं होतं ते विचारलेलं. अप्पा तिथं "अरे, असं न्हाई करायचं," असं पडद्याला म्हणाले. सगळ्यात शेवटच्या मेलमध्ये एकच ओळ होती. त्यांनी चष्मा काढून पडदा माझ्याकडं वळवला, म्हणून अव्वांना ती मी वाचून दाखवली.

"अप्पा, हेबी परत येतंय मला ठाव हाय, तरी लिवतोय."

अप्पांनी डोळे पुसले, लपवले नाहीत. मग टेबलावरचा फोन ओढला आणि स्वतः नंबर फिरवला. पलीकडून काय आवाज आला ते आम्हाला ऐकू आलं नाही. अप्पा "हां" म्हणाले, परत "हां" म्हणाले.

"येळवसला ये," म्हणाले. "हुमनाबादला उतर. मी मोपेड घेऊन येतो... कामून म्हंजे? बिदरची गाडी उगं वेळ खातीया... अरे, थंडी वाजली तर वाजू दे, माझी कानटोपी हाय... तुला काय कळतंय रे, मी रोज जायलोय त्या रस्त्यानं..."

आवाज चढत गेला. खालून कंपाउंडर वर बघायला आला. अव्वांनी मला हाताला धरून खाली बसवलं, तीन ताटल्या मांडल्या आणि भाकरी मोडायला घेतली.

"जेवून घे, बाई," म्हणाल्या. "ह्यांचं काय आता लवकर संपत न्हाई."